डॉक्टर बेंजामिन रश

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याविषयी तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले असेल. ४ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फिया शहरात तो मंजूर झाला. त्या कागदाच्या तळाशी ५६ माणसांच्या सह्या आहेत. सह्या करणाऱ्यांत वकील होते, व्यापारी होते, जमीनदार होते आणि काही डॉक्टरही होते. त्यांपैकी एक डॉक्टर फिलाडेल्फियाचेच राहणारे होते. त्या वेळी त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. त्यांचे नाव डॉक्टर बेंजामिन रश.

वैद्यकी करणारी माणसे देशाच्या कामात पडल्याची उदाहरणे आपल्याकडेही आहेत. हकीम अजमल खान १९२१ मध्ये आणि डॉ. मुख्तार अहमद अन्सारी १९२७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते. रोग्याची नाडी पाहणाऱ्याने राजकारणात का यावे, असा प्रश्न तुम्हांला पडेल. डॉ. रश यांचे चरित्र वाचताना त्याचे उत्तर मिळते. पण त्यांच्या चरित्रात याहून अवघड असा एक प्रश्न आहे. शूर, कष्टाळू आणि गरिबांविषयी कळवळा असणारा डॉक्टर आपल्याच रोग्यांना अपाय करू शकतो काय? हा प्रश्न मनात ठेवून पुढे वाचा.

बेंजामिनचा जन्म ४ जानेवारी १७४६ रोजी फिलाडेल्फियाजवळच्या एका खेड्यात झाला. तेव्हा अमेरिका नावाचा स्वतंत्र देश नव्हता. अटलांटिक महासागराच्या काठाने इंग्रजांच्या १३ वसाहती होत्या. वसाहत म्हणजे ज्याला आपण उर्दूत नौआबादी म्हणतो ती. त्यांपैकी पेनसिल्व्हेनिया या वसाहतीत फिलाडेल्फिया हे मोठे बंदर होते. बेंजामिनचे वडील शेती करत आणि बंदुकाही बनवत. मुलगा पाच वर्षांचा असतानाच ते वारले. घरात मुले पुष्कळ आणि मिळवणारे कोणी नाही. आईने हिंमत सोडली नाही. तिने शहरात किराणा मालाचे दुकान चालवले आणि त्यावर मुलांना वाढवले. आठ वर्षांचा झाल्यावर बेंजामिनला तिने त्याच्या काकांच्या शाळेत पाठवले. मुलगा अभ्यासात इतका हुशार निघाला की, वयाच्या चौदाव्या वर्षी तो पदवीधर झाला. तुमच्यापैकी अनेकांचे आजचे वय तेवढेच असेल!

त्या काळी डॉक्टर होण्याची रीत वेगळी होती. आधी एखाद्या नावाजलेल्या डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी करायची. औषधे कुटायची, पुड्या बांधायच्या, रोग्यांच्या घरी मागोमाग जायचे आणि पाहून पाहून शिकायचे. बेंजामिनने डॉ. जॉन रेडमन यांच्याकडे पाच वर्षांहून अधिक काळ अशी उमेदवारी केली. मग १७६६ मध्ये तो जहाजाने स्कॉटलंडला गेला. तिथल्या एडिनबरो विद्यापीठाचे वैद्यकीय शिक्षण त्या वेळी फार नावाजलेले होते. पदवीसाठी त्याने पोटात अन्न कसे पचते या विषयावर लॅटिन भाषेत प्रबंध लिहिला. त्यासाठी प्रयोग कोणावर केले? स्वतःवरच. जेवण करायचे, थोड्या वेळाने ओकारीचे औषध घ्यायचे आणि बाहेर पडलेले अन्न तपासायचे. हे वाचून तुम्ही नाक मुरडाल. परंतु एखादी गोष्ट मनावर घेतली की स्वतःची पर्वा करायची नाही, हा त्याचा स्वभाव इथे दिसतो.

एडिनबरोत तो आणखी एक गोष्ट शिकला. राजाला सत्ता ईश्वराने दिलेली असते, असे तो लहानपणापासून मानत आला होता. तिथे एका सहाध्यायाशी त्याच्या गप्पा होऊ लागल्या. राजा कशासाठी हवा, लोकांनी आपला कारभार आपण का करू नये, असे प्रश्न त्या मित्राने विचारले. बेंजामिनला उत्तर सुचेना. पुढे आत्मचरित्रात त्यांनी लिहून ठेवले आहे की, या एका विषयावरचा आपला विश्वास ढळला आणि मग इतरही अनेक समजुती तपासून पाहाव्यात असे वाटू लागले. १७६८ मध्ये पदवी घेऊन ते लंडनला गेले. तिथे त्यांच्याच गावचे बेंजामिन फ्रँकलिन राहत होते. फ्रँकलिन यांनी या तरुण डॉक्टरला पॅरिस पाहण्यासाठी पैसे उसने दिले.

१७६९ मध्ये डॉ. रश फिलाडेल्फियाला परतले आणि तिथल्या कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. वसाहतींमध्ये या विषयाचे ते पहिलेच प्राध्यापक. सोबत दवाखाना होताच. श्रीमंत लोक आपल्या जुन्या डॉक्टरांना सोडून नवख्याकडे कशाला येतील? म्हणून सुरुवातीला त्यांचे रोगी बहुतेक गरीब वस्तीतले होते. अंधाऱ्या खोल्यांत, मोडक्या शिड्या चढून ते रोग्यांकडे जात. गरिबी आणि आजार यांचे नाते त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिले. मला वाटते, त्यांच्या राजकारणाचे मूळ या खोल्यांतच आहे.

१७७३ मध्ये त्यांनी गुलामगिरीच्या विरोधात एक पुस्तिका लिहिली. आफ्रिकेतून माणसे धरून आणायची आणि गुरांसारखी विकायची, हा त्या काळचा राजरोस धंदा होता. काळी माणसे बुद्धीने कमी असतात, हे त्याचे समर्थन त्यांनी खोडून काढले. गुलामगिरीत ठेवले तर कोणत्याही माणसाची बुद्धी आणि शील खुरटणारच, असे त्यांचे म्हणणे होते. पुस्तिकेवर लेखकाचे नाव नव्हते, पण नाव लपून राहिले नाही. पुष्कळ लोक नाराज झाले आणि त्याचा त्यांच्या धंद्यालाही फटका बसला. आता याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच डॉ. रश यांनी पुढे विल्यम नावाचा एक गुलाम स्वतःच्या घरी ठेवला. त्याच्या सुटकेचा कागद त्यांनी १७८८ मध्ये केला. तोही लगेच लागू झाला नाही. विल्यमला प्रत्यक्ष स्वातंत्र्य १७९४ मध्ये मिळाले. लिहिणाऱ्या हाताला आपल्याच घरातली गोष्ट इतकी वर्षे दिसू नये, याचे नवल वाटते. पुढे गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या पेनसिल्व्हेनियातील संस्थेचे ते १८०३ पासून अखेरपर्यंत अध्यक्ष होते.

दरम्यान, इंग्लंडचे सरकार आणि वसाहती यांच्यात करांवरून भांडण वाढत चालले होते. स्वातंत्र्याचा शब्द उघडपणे उच्चारायला मात्र लोक कचरत. डॉ. रश यांच्या मनात त्यावर काही लिहावे असे होते. पण एका पुस्तिकेचा अनुभव गाठीला होता. अशात फिलाडेल्फियातील एका पुस्तकांच्या दुकानात त्यांची थॉमस पेन या इंग्रजाशी ओळख झाली. पेन नुकताच इंग्लंडहून आला होता. त्याच्याजवळ ना पैसा होता, ना घर. त्यामुळे गमावण्याची भीतीही नव्हती. तुम्हीच लिहा, असे डॉ. रश यांनी त्याला सुचवले. पेन लिहीत गेला आणि एकेक भाग त्यांना वाचून दाखवत गेला. पुस्तिकेला ‘कॉमन सेन्स’ हे नावही आपणच सुचवले, असे डॉ. रश सांगतात. ‘कॉमन सेन्स’ म्हणजे साधी व्यवहारी समज. जानेवारी १७७६ मध्ये ही पुस्तिका निघाली आणि गावोगाव वाचली गेली. स्वातंत्र्याची भीती मोडण्याचे मोठे काम तिने केले. त्याच महिन्यात डॉ. रश यांचे ज्युलिया स्टॉक्टन हिच्याशी लग्न झाले. तिच्या वडिलांचीही सही जाहीरनाम्यावर आहे.

जाहीरनामा मंजूर झाला त्या दिवशी डॉ. रश सभागृहात सभासद नव्हते. पेनसिल्व्हेनियाच्या काही प्रतिनिधींना स्वातंत्र्याचा ठराव मान्य नव्हता. त्यांच्या जागी नवे प्रतिनिधी निवडण्यात आले, तेव्हा २० जुलैला डॉ. रश निवडून आले. २ ऑगस्ट १७७६ रोजी सह्यांचा कार्यक्रम झाला. ही सही म्हणजे साधी गोष्ट नव्हती. युद्धात हार झाली असती तर हा कागद राजद्रोहाचा पुरावा ठरला असता आणि सही करणाऱ्यांना फाशी झाली असती. त्या सकाळचे वर्णन डॉ. रश यांनी अनेक वर्षांनी एका पत्रात केले आहे. सारे सभागृह शांत होते. एकेकाचे नाव पुकारले जाई आणि तो टेबलापाशी जाऊन सही करी. तेवढ्यात बेंजामिन हॅरिसन नावाचे लठ्ठ गृहस्थ एल्ब्रिज गेरी या सडपातळ सभासदाला म्हणाले की, फाशीच्या वेळी माझे काम चटकन होईल, कारण माझे वजन भारी. तुम्ही मात्र हलके असल्यामुळे बराच वेळ हवेत नाचत राहाल. क्षणभर हसू फुटले आणि पुन्हा शांतता पसरली.

युद्ध सुरू होतेच. डॉ. रश जखमी सैनिकांवर उपचार करायला छावणीत गेले. एप्रिल १७७७ मध्ये त्यांना सैन्याच्या मध्य विभागाचे प्रमुख सर्जन नेमण्यात आले. तिथे त्यांना दिसले ते असे की, शत्रूच्या गोळीने मरणाऱ्यांपेक्षा छावणीतल्या तापाने आणि हगवणीने मरणारे जास्त. एकाच खोलीत खेटून पडलेले रोगी, मळके कपडे, घाणेरडे अंथरूण आणि अपुरे अन्न. त्यांनी सैनिकांचे आरोग्य कसे राखावे यावर सूचना लिहून छापल्या. अंग धुवा, केस विंचरा, कपडे स्वच्छ ठेवा, भाजीपाला खा, दारूपासून दूर राहा, तंबू कोरड्या जागी लावा. आज या गोष्टी आपल्याला साध्या वाटतात. त्या काळच्या सेनाधिकाऱ्यांना त्या नव्या होत्या.

इस्पितळांच्या दुर्दशेला सैन्याच्या वैद्यकीय खात्याचे मुख्य अधिकारी डॉ. शिपन जबाबदार आहेत, असे डॉ. रश यांचे मत झाले. त्यांनी सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याकडे आणि काँग्रेसकडे तक्रार केली. तक्रारीत तथ्य होते. पण मनासारखा निकाल लागला नाही आणि जानेवारी १७७८ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच सुमारास त्यांनी एक अविचार केला. व्हर्जिनियाचे गव्हर्नर पॅट्रिक हेन्री यांना त्यांनी निनावी पत्र लिहिले आणि वॉशिंग्टन यांच्याऐवजी दुसरा सेनापती हवा, असे त्यात सुचवले. हेन्री यांनी ते पत्र सरळ वॉशिंग्टन यांच्याकडे पाठवले. वॉशिंग्टन यांनी अक्षर पाहताच लेखक ओळखला. डॉ. रश यांची लष्करातली कारकीर्द तिथेच संपली. आपले मत एकदा ठरले की दुसऱ्याचे ऐकायचे नाही, हा त्यांचा दोष होता. पुढे हाच दोष फार महागात पडला.

युद्ध संपल्यावर त्यांनी किती कामे हाती घेतली, ते पाहून आपण थक्क होतो. १७८३ मध्ये त्यांच्या खटपटीने डिकिन्सन कॉलेज स्थापन झाले. १७८६ मध्ये गरिबांसाठी मोफत दवाखाना सुरू झाला; त्या देशातला तो अशा प्रकारचा पहिला. मुलींना शिकवले पाहिजे, त्यांना हिशेब, भूगोल, इतिहास आला पाहिजे, असे भाषण त्यांनी १७८७ मध्ये मुलींच्या शाळेत केले. गुन्हेगारांना भर रस्त्यात शिक्षा देण्याची पद्धत बंद करावी, फाशी नसावी, असेही त्यांनी लिहिले. दारूच्या दुष्परिणामांवर पुस्तक लिहिले. नवे संविधान स्वीकारावे की नाही हे ठरवण्यासाठी पेनसिल्व्हेनियात १७८७ मध्ये सभा भरली, तेव्हा तिचे ते सभासद होते. ४६ विरुद्ध २३ मतांनी संविधान मंजूर झाले, डॉ. रश अर्थातच ४६ मध्ये होते.

आता १७९३ सालाकडे येऊ. फिलाडेल्फिया तेव्हा देशाची राजधानी होती. शहराची वस्ती सुमारे ५०,००० होती. ऑगस्ट महिन्यात बंदराजवळच्या गल्ल्यांत माणसे तापाने मरू लागली. आधी थंडी वाजून ताप येई, मग डोळे आणि कातडी पिवळी पडे, शेवटी काळी ओकारी होई. डॉ. रश यांनी तरुणपणी, उमेदवारीच्या काळात, असा रोग पाहिला होता. हा पीतज्वर आहे, असे त्यांनी जाहीर केले. पीतज्वर म्हणजे उर्दूत ज़र्द बुख़ार. बंदरावर कुजत पडलेल्या कॉफीच्या दुर्गंधीमुळे तो पसरला, असे त्यांना वाटले.

शहरात घबराट पसरली. ज्यांना शक्य होते ते हजारोंनी गाव सोडून गेले. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन गेले, मंत्री गेले, काही डॉक्टरही गेले. लोक ओळखीच्या माणसाशी हात मिळवेनात. आजारी नवऱ्याला बायको आणि आजारी आईला मुले सोडून जाऊ लागली. डॉ. रश यांनी बायकोमुलांना बाहेरगावी पाठवले आणि स्वतः शहरात राहिले. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते रोज शंभराहून अधिक रोगी पाहत होते. जेवताना रोगी, झोपेतून उठवून रोगी. त्यांच्याकडे शिकणारे तीन तरुण या तापाने मेले. घर सांभाळायला आलेली बहीण मेली. स्वतः त्यांनाही ताप आला. अंगात उभे राहण्याचे बळ नसताना ते खिडकीपाशी येऊन लोकांना औषध सांगत. ही शौर्याची गोष्ट आहे, यात शंका नाही.

पण त्यांचे उपचार कोणते होते? सगळ्या तापांचे मूळ एकच, ते म्हणजे रक्तवाहिन्यांवर येणारा ताण. आणि त्यावर उपायही एकच, म्हणजे ताण उतरवणे, असा त्यांचा सिद्धान्त होता. म्हणून ते पाऱ्यापासून केलेले औषध आणि जहाल जुलाब देत, आणि शीर उघडून रक्त काढत. युनानी हकीम याला फस्द खोलणे म्हणत, हे तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. रक्त काढण्याची पद्धत तेव्हा सगळ्या जगात होती, त्यामुळे केवळ त्यासाठी त्यांना दोष देता येणार नाही. परंतु बाकीचे डॉक्टर जपून काढत, डॉ. रश भरमसाट काढत. शरीरातले पाचातले चार भाग रक्त काढले तरी चालेल, इथवर त्यांची मजल गेली होती. त्यात हिशेबही चुकलेला होता. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे २५ पौंड रक्त असते असे ते धरून चालले होते. प्रत्यक्षात ते साधारण निम्मेच असते. आधीच तापाने आणि ओकारीने खंगलेल्या माणसाचे एवढे रक्त गेल्यावर काय होणार, ते सांगायला नको.

पुष्कळ डॉक्टरांनी त्यांना विरोध केला. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांना ताप आला, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी रक्त न काढता सौम्य उपाय केले. हॅमिल्टन बरे झाले आणि त्यांनी हे उपाय जाहीरपणे सांगितले. शहराबाहेर बुश हिल येथे एक तात्पुरते इस्पितळ होते. तिथे झाँ देवेझ नावाचे फ्रेंच डॉक्टर रोग्यांना विश्रांती आणि हलका आहार देत होते. डॉ. रश यांनी कोणाचेच ऐकले नाही. जो रोगी वाचला तो आपल्या उपचाराने वाचला. जो गेला त्याने उशीर केला किंवा त्याचे रक्त कमी काढले गेले, असे ते म्हणत. स्वतःवरही त्यांनी तेच उपचार करून घेतले होते आणि ते वाचले होते. त्यामुळे त्यांचा विश्वास आणखी पक्का झाला. विद्यार्थ्यांनो, इथे जरा थांबून विचार करा. अशा विचारपद्धतीत माणसाला आपली चूक कळणार तरी कशी? किती रोग्यांना हा उपचार दिला, त्यांतले किती जगले, न दिलेल्यांतले किती जगले, असा हिशेब ठेवला तरच खरे-खोटे कळते. हा हिशेब त्यांनी मांडला नाही.

या साथीतली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. काळ्या लोकांना हा ताप होत नाही, असा डॉ. रश यांचा समज होता. म्हणून त्यांनी रिचर्ड अ‍ॅलन आणि अ‍ॅब्सलम जोन्स या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांकडे मदत मागितली. दोघेही एके काळी गुलाम होते आणि सुटका करून घेऊन मोठे झाले होते. डॉ. रश त्यांचे जुने स्नेही होते. त्यांच्या स्वतंत्र चर्चसाठी वर्गणी जमवायला त्यांनी साहाय्य केले होते. अ‍ॅलन, जोन्स आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. ज्या घरात सख्खे नातेवाईक पाऊल टाकत नव्हते, तिथे जाऊन त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. प्रेते उचलली, पुरली. अनाथ पोरांना आसरा शोधून दिला. तो समज मात्र खोटा ठरला. काळी माणसेही तापाने आजारी पडली आणि मेली. एवढे करून साथ संपल्यावर मॅथ्यू केरी नावाच्या प्रकाशकाने आपल्या पुस्तकात लिहिले की, काही काळ्या लोकांनी शुश्रूषेसाठी अवाच्या सवा पैसे घेतले. अ‍ॅलन आणि जोन्स यांनी १७९४ मध्ये पुस्तिका छापून त्याला उत्तर दिले. पैसे किती मिळाले, किती खर्च झाले, याचा त्यांनी जमाखर्च मांडला. मला ती पुस्तिका फार महत्त्वाची वाटते, कारण त्या साथीत ज्यांनी खांद्यावरून प्रेते वाहिली त्यांचे म्हणणे आपल्याला तिच्यातून कळते.

नोव्हेंबरात थंडी पडली आणि साथ ओसरली. तोवर सुमारे ५,००० माणसे मेली होती. म्हणजे दर दहा माणसांमागे एक. थंडी पडल्यावरच साथ का थांबली, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. पीतज्वर डासांमुळे पसरतो, असे क्यूबातील डॉ. कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये सांगितले आणि १९०० मध्ये वॉल्टर रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सिद्ध केले. थंडी पडली की डास मरतात. १७९३ च्या उन्हाळ्यात वेस्ट इंडीज बेटांतून निर्वासितांनी भरलेली जहाजे फिलाडेल्फियाला आली होती. त्यांच्याबरोबर ताप आणि डास दोन्ही आले. घराघरांतील पिंपांत साठवलेल्या पाण्यात डासांची पैदास झाली. आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा डास तो हाच. गंमत अशी की, त्या हंगामात डास फारच झाले होते, ही नोंद डॉ. रश यांच्याच पुस्तकात आहे. उत्तर त्यांच्या कानाशी गुणगुणत होते, पण त्याचा अर्थ लागायला आणखी शंभर वर्षे जायची होती.

१७९७ मध्ये ताप पुन्हा आला आणि वादही पुन्हा पेटला. विल्यम कॉबेट नावाच्या इंग्रज पत्रकाराने आपल्या वर्तमानपत्रातून डॉ. रश यांची टर उडवली. हा डॉक्टर रोग्यांना मारतो, असे तो उघड लिही. डॉ. रश यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली आणि ते जिंकले. कॉबेटने ५,००० डॉलर द्यावेत असा निकाल १४ डिसेंबर १७९९ रोजी लागला. योगायोग पाहा. त्याच दिवशी जॉर्ज वॉशिंग्टन घशाच्या आजाराने वारले आणि त्यांच्याही शरीरातून त्यांच्या डॉक्टरांनी बरेच रक्त काढले होते. या सगळ्या वादात डॉ. रश यांचे रोगी कमी झाले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स या मित्राने त्यांना सरकारी टांकसाळीचे खजिनदार नेमले. शिकवणे मात्र अखंड चालू होते. त्यांच्या हाताखालून सुमारे ३,००० विद्यार्थी शिकून गेले. त्यांच्याबरोबर ती रक्त काढण्याची पद्धतही देशभर गेली.

१८०३ मध्ये मेरिवेदर ल्युइस पश्चिमेकडील अज्ञात प्रदेशाच्या सफरीवर निघाले, तेव्हा आरोग्याचा सल्ला घ्यायला ते डॉ. रश यांच्याकडे आले. जाताना त्यांनी रश यांच्या जुलाबाच्या गोळ्या शेकड्यांनी नेल्या. त्या गोळ्यांत पारा होता. म्हणूनच त्या सफरीचा तळ कुठे पडला होता हे शोधताना, जमिनीत सापडलेल्या पाऱ्याच्या अंशाचा दोनशे वर्षांनंतर संशोधकांना उपयोग झाला!

डॉ. रश यांचे सर्वांत टिकाऊ काम मनोरुग्णांसाठी झाले. फिलाडेल्फियाच्या इस्पितळात वेड लागलेल्या माणसांना तळघरातल्या थंड, ओलसर कोठड्यांत ठेवत. काहींना साखळदंड असत. डॉ. रश यांनी १७८७ पासून त्यांची देखभाल हाती घेतली. वेड म्हणजे भूतबाधा नाही, पापाची शिक्षा नाही. तो ताप-खोकल्यासारखा एक आजार आहे, असे ते सांगत. त्यांनी सरकारच्या मागे लागून पैसा मिळवला आणि १७९६ मध्ये या रोग्यांसाठी स्वतंत्र इमारत उघडली. रोग्यांना उबदार खोली, आंघोळ, हातांना काम आणि बोलायला चांगली माणसे मिळावीत, असा त्यांचा आग्रह होता. १८१२ मध्ये त्यांनी मनाच्या आजारांवर पुस्तक लिहिले. त्या विषयावरचे ते अमेरिकेतले पहिले पाठ्यपुस्तक. अर्थात इथेही ते रक्त काढतच होते. शिवाय त्यांनी एक खुर्ची तयार करवली होती. तिच्यात रोग्याचे हातपाय बांधत आणि डोके लाकडी पेटीत अडकवत. त्यामुळे तो शांत होतो, असे त्यांना वाटे. या कोठड्यांचे दुःख त्यांच्या घरातही शिरले. त्यांचा थोरला मुलगा जॉन नौदलात होता. द्वंद्वयुद्धात त्याच्या हातून एक मित्र मारला गेला आणि त्याचे मन बिघडले. १८१० मध्ये त्याला बापाच्याच इस्पितळात ठेवावे लागले. तो उरलेले सारे आयुष्य, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षे, तिथेच राहिला.

आयुष्याच्या अखेरीस डॉ. रश यांनी भांडणे मिटवण्याचे एक मोठे काम केले. जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन हे दोघे जाहीरनाम्याच्या वेळचे सोबती. दोघेही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. पण १८०० च्या निवडणुकीनंतर त्यांच्यात बोलणे उरले नव्हते. डॉ. रश दोघांचेही मित्र. १८०९ मध्ये त्यांनी अ‍ॅडम्स यांना पत्रातून एक स्वप्न कळवले. तुम्ही दोघांनी पुन्हा पत्रे लिहायला सुरुवात केली आहे आणि ती पत्रे पुढच्या पिढ्या वाचत आहेत, असे ते स्वप्न होते. मग ते दोघांनाही नेटाने पत्रे लिहीत राहिले. दोन वर्षे काही हालचाल झाली नाही. अखेर १ जानेवारी १८१२ रोजी अ‍ॅडम्स यांनी जेफरसन यांना पत्र धाडले आणि जेफरसन यांनी उत्तर दिले. त्यानंतर चौदा वर्षे त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. आज ती पत्रे छापलेली आहेत आणि लोक खरोखरच ती वाचतात.

डॉ. रश यांना या पत्रांपैकी फार थोडीच ठाऊक झाली. एप्रिल १८१३ मध्ये त्यांना थंडी वाजून ताप आला. तसाच ताप त्यांनी हजारो रोग्यांना आलेला पाहिला होता. त्यांनी आपल्याही शिरेतून रक्त काढायला सांगितले आणि डॉक्टरांनी ते काढले. १९ एप्रिलला ते वारले. फिलाडेल्फियाच्या ज्या कबरस्तानात फ्रँकलिन यांना पुरले आहे, तिथेच त्यांची कबर आहे.